न विचारता बोललेली यादी

मित्रांनो, मी वाशीतल्या एका शेळीपालक संघाच्या वेबसाइटवरची गावांची यादी आहे. मला ड्रॉपडाउन म्हणतात. माझ्यावरचा बाण दाबला की मी खाली उलगडते, गाव निवडलं की मिटते.

मला संघाची वेबसाइट बनवणाऱ्या कृष्णराजनं घडवलं. सुरुवातीला त्यानं सात गावांची नावं पानातच हातानं लिहिली होती. त्यांच्यावर ‘गाव निवडा’ अशी एक ओळ होती. संघ वाढला, गावं साठ झाली. मग त्यानं नावांचा वेगळा तक्ता केला, त्या तक्त्यासाठी मॉडेल, म्हणजे त्यातली नावं वाचणारा कोडचा तुकडा, लिहिलं आणि पान उघडताच तिथून नावं आणून मला भरायची सोय केली. नवं गाव तक्त्यात घातलं की माझ्यात आपोआप दिसायचं. नोंदणी करणारी शिवकन्या म्हणाली, “लई सोपं झालं की.” ते ऐकून मला बरं वाटलं.

मात्र या बदलात वरची ओळ राहून गेली. पान उघडलं की अक्षरानुक्रमातलं पहिलं गाव, अंजनवाडी, आपसूक निवडलेलं दिसू लागलं.

पीपीआर या शेळ्यांच्या जीवघेण्या साथीवरच्या लसीची नोंदणी सुरू झाली. गर्दी होती. लिंबगावच्या सरदारबीनं आपल्या अकरा शेळ्या सांगितल्या. शिवकन्येनं नाव लिहिलं, आकडा लिहिला आणि मला हात न लावता नोंद जतन केली. मी अंजनवाडी दाखवत राहिले.

लसीची गाडी नोंदींत माझ्यातून निवडलेल्या गावांप्रमाणे फिरली. वीस दिवसांनी सरदारबी पुन्हा आली.

“गाडी आलीच न्हाय, पोरी. तिची वाट बघत म्या दोन दिवस शेळ्या चरायला सोडल्या न्हायत. आता तीन मेल्या.”

शिवकन्येनं नोंद उघडली. नाव बरोबर होतं, आकडा बरोबर होता. गाव तिनं दोनदा वाचलं.

“चाची, चूक माझी हाय. म्या गाव बघितलंच न्हाय.”

सरदारबी बाकावर बसली. तिनं पाणी मागितलं.

कृष्णराजला बोलावलं. त्यानं सगळ्या नोंदी तपासल्या. “तुझी एकटीची चूक न्हाय,” तो शिवकन्येला म्हणाला. “कुणी काही निवडलं नसताना यादीनं गाव दाखवायलाच नको होतं. ते माझ्याकडनं राहिलं.” अंजनवाडीच्या नावावर परगावच्या त्रेचाळीस नोंदी निघाल्या. शिवकन्येनं प्रत्येकाला फोन केला, गाव विचारून घेतलं. दुसऱ्या दिवशी गाडी लिंबगावला गेली. सरदारबीच्या आठ शेळ्या वाचल्या.

कृष्णराजनं तक्त्यातल्या नावांच्या आधी एक रिकामी ओळ घातली. ती तशीच राहिली तर आता नोंद पुढं जात नाही. काही जण या अडवणुकीला वैतागतात.

मित्रांनो, माझं स्वतःचं असं काहीच नाही. तक्त्यात असेल ते मी दाखवते. उद्या तुमच्यापैकी कुणी माझ्यासारखी यादी भराल, तर पहिली जागा मोकळी ठेवा. समोरच्यानं सांगण्याआधी त्याच्या वतीनं काही ठरवू नका.

यंदा सरदारबी नोंदणीला आली तेव्हा खुर्ची ओढून पडद्याशेजारी बसली. तिला वाचता येत नाही.

“काय लिवलंस, मोठ्यानं वाच,” ती म्हणाली.

“लिंबगाव,” शिवकन्येनं वाचलं.

“आता दाब.”