गुलाबी जोड

"थांबा! आधी ती कात्री खाली ठेवा!"

पलंगावरून सगुणा ओरडली आणि विश्रामने दचकून कात्री फरशीवर ठेवली. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. ब्लाउजचे हिरवे तुकडे त्याच्यापुढे पसरले होते, बरोब्बर खडूच्या रेघेवर कापलेले.

"रेघेवरच कापलंत? शिवणीला माया नाही ठेवलीत?"

"कसली माया? तुझ्या जुन्या मापात दोन इंच सैल धरलं आणि कापलं. पाइप असाच कापतात."

"पाइप आणि ब्लाउज एकच का हो? ते दोन इंच शिवणीतच जाणार! तीस वर्षं घरात मशीन चाललं, एवढं दिसलं नाही तुम्हाला?"

कसं दिसणार? विश्रामचा जन्म पाण्याच्या पंपांवर गेला. मेकॅनिक माणूस, माप म्हणजे माप, सुताएवढाही फरक नको. दिवा स्टेशनजवळच्या त्यांच्या चाळीत ब्लाउज शिवायची ती सगुणा. आठ महिन्यांपूर्वी तिच्या उजव्या अंगावरून वारं गेलं आणि मशीनवर चादर पडली. पाय कसाबसा सावरला, हात मात्र कडक राहिला. जुन्या ब्लाउजच्या बाहीत तो शिरेना. दुसऱ्या टेलरला हात दाखवायची तिला लाज, आणि गाऊन घालून चारचौघांत जाणं तर तिच्या रक्तातच नव्हतं.

उद्या कल्याणला नयनचं डोहाळजेवण होतं. एकुलती एक लेक. पहिली ओटी आईनेच भरायची, असं तिने तीनदा फोन करून बजावलं होतं. "ब्लाउज झाला तर येईन," एवढंच सगुणा म्हणाली होती. आणि त्या ब्लाउजची विश्रामने ही वाट लावली होती!

"दुसरं कापड आणतो गं," तो रडवेला होऊन म्हणाला.

"आणाल आणि तेही असंच कापाल! डोकं कुठे ठेवलेलं तुम्ही? खडू मारताना मला हाक मारायला काय झालेलं? तोंडाला कुलूप लावलेलं का?"

विश्राम बघतच राहिला. आठ महिने ही बाई हो-नाहीच्या पुढे गेली नव्हती. आणि आता चांगली झोडपत होती, अगदी पूर्वीसारखी. देवा, तुझे उपकार रे बाबा, तो मनात म्हणाला.

"हसताय काय?"

"काही नाही. तू बोल. अजून बोल."

"खुळेच आहात. ते चिंध्यांचं बोचकं काढा पलंगाखालचं."

गिऱ्हाइकांची, घरची उरलीसुरली कापडं डाव्या हाताने चाळता चाळता एका गुलाबी तुकड्यावर ती थांबली. बराच वेळ तो तिने मांडीवर ठेवला.

"ह्याच्या दोन पट्ट्या कापा. बाहीच्या तोंडापासून बगलेतून कमरेपर्यंत. दोन्ही बाजूंना जोड द्यायचा."

"हिरव्याला गुलाबी? दिसेल ना."

"हात खाली असला की नाही दिसणार. आणि माझा हात कुठे वर जातोय?"

विश्रामने पट्ट्या कापल्या, चारी बाजूंनी अर्धा इंच जास्त ठेवून. मशीनवरची चादर काढली, तेल घातलं. सगुणा शेजारी खुर्चीत बसून डाव्या हाताने कापड सरकवत होती. दोनदा उसवलं, दोनदा शिव्या खाल्ल्या. तिसऱ्यांदा जमलं.

सकाळी ती म्हणाली, "उजवा हात आधी." हात बाहीत अलगद गेला. आरशात बघून ती म्हणाली, "बरं शिवलंत हो. तुम्ही होतात म्हणून..." विश्राम हुक लावत होता. त्याला धड हुक दिसेना.

कल्याणला नयन फुलांचे दागिने घालून पाटावर बसली होती. विश्राम दाराशी उभा राहिला. सगुणाने उजव्या खांद्यावरून पदर घट्ट ओढून घेतला होता. पण ओटी एका हाताने कशी भरायची? तिने डाव्या हाताने उजवा हात उचलून धरला, ओंजळ केली. पदर घसरला आणि काखेतली गुलाबी पट्टी सगळ्यांना दिसली.

नयनने ती बोटाने चाचपली. "आई, हा माझा परकर ना? बालवाडीतला?"

"तुझाच. तेव्हा उरलेला तुकडा."

"कुणी शिवला गं ब्लाउज?"

"ते काय, दारात उभे आहेत."

सगळ्या बायका वळून बघायला लागल्या. विश्रामने मान खाली घातली. पुन्हा वर बघितलं तेव्हा ओटी भरून झाली होती. सगुणा लेकीशेजारी बसून हसत होती, आणि पदर अजून खालीच होता.