फाटकी रोटी घरच्यांची

इंदोरा वस्तीत कुणालाही विचारा, वच्छलाची लंबी रोटी फाटत नाही. पातळसर कणीक परातीत आपटून आपटून अशी लवचीक करायची, की गोळा हातांवर झुलवला तर कोपरापर्यंत ओढणीसारखा लोंबला पाहिजे. मग चुलीवरच्या उलट्या मडक्यावर तो अलगद टाकायचा. हात जरा चुकला की पडलंच भोक! फाटकी रोटी गिऱ्हाइकाला द्यायची नाही, ती घरच्यांची, हा वच्छलाच्या सासूचा कायदा. पण या बाईचा हातच असा, की घरच्यांच्या वाट्याला रोटी कधी येतच नसे.

तोंडही हातासारखंच पक्कं. नवरा प्रेमानंद शहरबसचा जुना ड्रायव्हर. यंदा गाड्यांचा ठेका नव्या कंपनीला गेला आणि त्या कंपनीने फर्मान काढलं, जुन्या ड्रायव्हरांनी साहेबासमोर गाडी चालवून दाखवायची, मग कुणाला ठेवायचं ते ठरवू. झालं! खाप्याच्या रस्त्यावरचे खड्डे ज्याने झोपेतही चुकवले असते, त्या माणसाचे हात थरथरायला लागले. चहा पिताना कप बशीवर वाजायचा. कप वाजला की वच्छला म्हणायची, "काही होत नाही जी!" भाजी चिरताना तेच, कपडे वाळत घालताना तेच. घरात एकाने तरी खंबीर राहायला नको का?

परीक्षेचा दिवस उजाडला. वच्छला अंगणात चुलीपाशी बसली होती. धरमपेठेत कुणाकडे बारसं होतं, दुपारच्या पंगतीला रोट्या पाठवायच्या होत्या. प्रेमानंद बनियनवरच दारात येऊन उभा राहिला.

"मी जात नाही," तो म्हणाला. "पाह्य हे हात. हे घेऊन स्टेअरिंगवर बसू? गाडी खांबाले लावली तं?"

"काही होत नाही. आंघोळ करा अन् निघा."

"तुले काय जाते बोलाले! तुले भेव वाटलं का कधी कशाचं?"

वच्छलाने कणकेत हात घातला. गोळा उचलला, झुलवला, आणि रोटी मधोमध फाटली. तिने दुसरी घेतली, तीही फाटली. तिसरीच्या तर मडक्यावर टाकताना चिंध्या झाल्या. कणीक चांगली होती, मडकं नेहमीचंच होतं. थरथरत होते ते तिचेच हात.

प्रेमानंद चुलीपाशी आला. "काय झालं वं?"

"काही होत..." म्हणता म्हणता तिचा बांध फुटला. "होते! सारं होते! भेव वाटून राह्यलं मले. हे सुरू झालं तेव्हापासून वाटून राह्यलं. रात्री तुमी तिकडं तोंड करून जागे, मी इकडं. मले का झोप लागते?"

प्रेमानंदने तिच्या हातांकडे पाहिलं. मग या बाबाला चक्क हसू आलं.

"मंग सांगाचं ना आधी! मले वाटलं, या घरात मीच एकटा भित्रा आहो. लोक तं तुले वाघीण म्हणते."

"वाघीणच आहो!" पदराने नाक पुसत वच्छला डाफरली. "वाघिणीले भेव वाटत नाही काय?"

तो परातीपाशी बसला आणि कणीक आपटू लागला. "हे ठेकेदाराले!" धप्प. "हे साहेबाले!" धप्प. मग गोळा एका बाजूने त्याने धरला, एका बाजूने तिने. चारही हात थरथरत होते, पण रोटी मडक्यावर पडली ती अख्खी. जरा वाकडी पडली, एवढंच. मग तिचा हात बसला आणि पुढच्या रोट्या तिने एकटीने टाकल्या, नेहमीसारख्या अख्ख्या. तोवर त्याने आंघोळ करून खाकी शर्ट चढवला होता.

तो निघताना वच्छला नेहमीचं वाक्य बोलली नाही. "भेव वाटलं तं वाटू द्या," ती म्हणाली. "पाय मात्र ब्रेकवर ठेवजा."

रोट्या धरमपेठेला गेल्या. दुपार कलली तेव्हा तो परतला. ती दारातच होती.

"हात थरथरले?"

"थरथरले ना."

"मंग?"

"गाडी सरळ गेली."

"ठेवलं का तुमाले?"

"पुढच्या आठवड्यात सांगतो म्हने."

वच्छलाच्या ओठावर जुनं वाक्य आलं होतं, ते तिने गिळलं. झणझणीत रस्सा गरम केला आणि सकाळच्या फाटक्या रोट्या दोघांच्या ताटात वाढल्या. जेवण झाल्यावर चहा ठेवला. प्रेमानंदने कप उचलला, तो बशीवर वाजला. वच्छलाने आपला उचलला, तोही वाजला. तिने तो आवाज लपवला नाही.

"ऐकलं?" ती म्हणाली.

"ऐकलं," तो म्हणाला. "मले आता बरं वाटून राह्यलं. फाटकी आहे का अजून एखादी?"

"आज आहे ना एक," वच्छला म्हणाली, आणि दोघांत ती उरलेली रोटी घेऊन बसली.