लमदुआन मावशीचं ‘छान’

लमदुआन मावशीने कुणाच्या स्वयंपाकाला ‘छान’ म्हटलं, की तो माणूस परका ठरला. आमच्या गल्लीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ठाऊक नाही ते फक्त तिच्या स्वयंपाकवर्गाला येणाऱ्या पाहुण्यांना, आणि नाही तेच बरं. चियांग माईत असे वर्ग पैशाला पासरी आहेत. तिचा अकरा वर्षं चाललाय तो या ‘छान’वरच.

पाहुणे काय वाट्टेल ते करतात. एका गृहस्थाने लिंबाच्या पानांऐवजी टेबलावरच्या कुंडीतली पानं चिरून करीत घातली. मावशीने चमचाभर चाखून हात जोडले आणि म्हणाली, “छान. वेगळी चव.” तो खूश होऊन गेला, जाताना दारात फोटो काढून गेला. ते पातेलं मावशीने ओतून दिलं. कुत्र्यालाही घातलं नाही, कारण कुत्रा घरचा.

घरच्यांची गोष्टच निराळी. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात नवऱ्याने तिच्या तोंडून एक गोड शब्द ऐकला नाही. तो गेला तेव्हा त्याच्या हातावर शेवटचं पाणी घालायला लोक रांगेत उभे होते, आणि ही त्याच्या कानाशी वाकून म्हणत होती की, नखं कापायची शेवटी राहिलीच ना तुमची. रांगेतल्या बायका त्या दिवशी खऱ्या रडल्या त्या हे ऐकून.

तर ही अशी आई, आणि तिची एकुलती एक लेक ख्वान. वय बत्तीस. वर्गाची नोंदणी तिच्याकडे, चिकट भात लावायचा तिने, आणि आई जे बोलेल ते पाहुण्यांना इंग्रजीत सांगायचं तेही तिनेच. पूर्वी ती बँकॉकच्या एका हॉटेलात कामाला होती. तिथली लिफ्ट अडकायची, म्हणून नेदरलँड्सहून एक माणूस ती तपासायला आला. वाउटर त्याचं नाव. सहा फूट चार इंच, कान लाल, आणि बोलणं सरळ. लिफ्ट एका दिवसात तपासून झाली, पण हा पुढे दोन वर्षं ख्वानशी फोनवर बोलत राहिला. आता मागणी घालायला आला होता. सुट्टी जेमतेम आठवड्याची, शुक्रवारी रात्रीचं परतीचं विमान.

“आई, तो तुला भेटायला आलाय,” ख्वान म्हणाली.

“मग येऊ दे की वर्गाला,” मावशी लसूण सोलता सोलता म्हणाली. “सगळे येतात, तसा तोही येईल. बघते.”

सगळ्यांसारखा म्हणजे परकाच, हे ख्वानला कळलं. आईच्या मनाविरुद्ध ती लग्न करणार नव्हती. भांडण झालं असतं तर भांडली असती. पण आई भांडलीच नाही, तर करायचं काय?

सोमवारी वाउटर आला. चपला बाहेर काढून, अ‍ॅप्रन बांधून खलासमोर बसला. हिरव्या करीचं वाटण कुटायचं होतं. त्याने बत्ता दोन्ही हातांनी धरला आणि इतक्या हलक्या हाताने कुटायला लागला की शेजारच्या मालय काकू कुंपणाच्या पलीकडे शेंगा सोलताना थांबल्या. आमच्याकडे बत्त्याच्या आवाजावरून सून पारखायचे दिवस काकूंनी बघितलेले. त्या कान देऊन ऐकत राहिल्या.

“कोण गं ते?” त्यांनी विचारलं. “कुटतंय की दार वाजवतंय?”

मावशीने मात्र वाटण बोटावर घेतलं, जिभेला लावलं, हात जोडले. “छान.”

वाउटरचा चेहरा उजळला. संध्याकाळी प्रत्येकाला देतात तसं त्यालाही सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र मिळालं. ते घेऊन तो ख्वानजवळ आला. “तुझ्या आईला मी आवडलो.”

“कप्पाळ आवडलास,” ख्वान म्हणाली, आणि तिथेच पायरीवर बसून तिने त्याला सगळं समजावून सांगितलं. कुत्र्याचं सांगितलं, बाबांच्या नखांचंही सांगितलं.

वाउटरने नीट ऐकून घेतलं. तो कामाचा माणूस. “म्हणजे तिने मला बोलायला हवं,” तो म्हणाला.

“हो.”

“मग उद्या जास्त चांगलं करतो. सुधारतोय म्हटल्यावर चुका दाखवेल.”

मंगळवारी त्याने जीव ओतला. नारळाचं दूध आटेपर्यंत कढईवरून नजर हलवली नाही. मावशी म्हणाली, “फारच छान,” आणि दुसरं प्रमाणपत्र दिलं.

“आता मुद्दाम बिघडव,” ख्वान रडकुंडीला येऊन म्हणाली.

बुधवारी त्याने लसूण जाळला. साधासुधा नाही, कोळसा केला. परसभर धूर झाला, दोन जर्मन पोरी खोकत बाहेर पळाल्या, कुत्राही उठून गेला. ख्वान आईच्या तोंडाकडे बघत राहिली. मावशीने डोळे पुसले, चमचा तोंडात घातला, गिळला. एवढं गिळायला काळीज लागतं.

“छान,” ती म्हणाली. “धुराची चव सगळ्यांना नाही जमत.”

आणि त्या दिवशी तिसऱ्या प्रमाणपत्राबरोबर तिने त्याला वाटणाची एक बाटली दिली, वर लाल फीत बांधून. ही बाटली ती पाहुण्यांना देते ती निरोपाची. ती बघून ख्वान कुंपणाशी जाऊन उभी राहिली.

“पोरी,” मालय काकू कुंपणावरून हळूच म्हणाल्या, “आणखी एक प्रमाणपत्र मिळालं की भिंतभर होतील बघ त्याची.”

“काकू, तुम्हाला चेष्टा सुचते.”

“मग काय रडू? तुझी आई माझ्याशी चाळीस वर्षं भांडतेय. ज्या दिवशी ती माझ्या लोणच्याला छान म्हणेल, त्या दिवशी मी समजेन की आता हिने मला टाकलं.”

गुरुवारी पहाटे बाजारातून येताना ख्वानचा बांध फुटला. हातातल्या पिशव्या तिने ओट्यावर आदळल्या.

“तुला तो नको असेल तर तोंडावर सांग ना आई. असं गोड बोलून का मारतेस?”

“मी काय वाईट बोलले त्याला?” मावशीने विचारलं.

“तेच तर. तीन दिवसांत एक वाईट शब्द नाही.”

“परक्या माणसाला मी का बोलू? आज आहे, उद्या विमानात बसेल.”

“मी त्याच्याबरोबर बसणार आहे, तू हो म्हणालीस तर.”

मावशीने कोथिंबिरीची मुळं धुवायला घेतली आणि तीच तीच मुळं तीनदा धुतली. ख्वानला बोलल्याचा पश्चात्ताप झाला, पण आता शब्द माघारी कसे घेणार?

वर्ग सुरू झाला. त्या दिवशी वाउटरखेरीज दोघंच होती, कॅनडाचं एक म्हातारं जोडपं. आधी मावशी स्वतः करी करून दाखवते, सगळे चाखतात, मग आपापली करतात. मावशीने वाटण परतलं, नारळाचं दूध घातलं, माशाचा खारा सॉस घातला. मग वांगी पडली, लिंबाची पानं पडली. मग तिने कुंपणाकडे बघितलं, कुठे बघत होती कोण जाणे, बाटली उचलली आणि सॉस पुन्हा घातला. पहिल्याइतकाच.

वाट्या फिरल्या.

“अप्रतिम,” कॅनडाची आजी म्हणाली, आणि तिने पाण्याचा ग्लास रिकामा केला.

“वा,” आजोबा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

कुंपणावरून एक वाटी मालय काकूंकडे गेली. काकूंनी एक घोट घेतला, वाटी खाली ठेवली आणि शेंगा सोलायला लागल्या. ख्वानने चाखलं. नुसतं खारट नाही, समुद्र होता तो. पण पाहुण्यांदेखत आईला कसं सांगायचं? अकरा वर्षांत मावशीच्या हाताला असं झालं नव्हतं. आईची शोभा व्हायला नको म्हणून ख्वानने वाटीतलं सगळं संपवलं.

वाउटरने चमचा खाली ठेवला.

“खारट झालंय,” तो म्हणाला.

“काय म्हणतोय?” मावशीने विचारलं.

“छान म्हणतोय,” ख्वान म्हणाली.

वाउटरला थाई शब्द येत होते सहा-सात, पण हा एक तीन दिवस कानांवर आदळलेला. त्याने मान हलवली. “नाही. ‘छान’ नाही.” मग तो उठला, कढईजवळ गेला, सॉसची बाटली उचलून मावशीसमोर धरली आणि दोन बोटं दाखवली. एक बोट नारळाच्या दुधाकडे केलं, दुसरं पानांकडे. एकदा इथे, एकदा तिथे. लिफ्ट तपासणारा माणूस, याची नजर कशाला चुकतेय. आणि पुन्हा म्हणाला, मावशीच्या डोळ्यांत बघून, इंग्रजीत, पण कुणालाही कळावं असं: “खूप मीठ.”

ख्वानला वाटलं, संपलं. विमान उद्या रात्रीचं आहे, हा आज रात्रीच जाणार. आपल्या आईला तिच्या चुलीपाशी, तिच्या कढईसमोर, पाहुण्यांदेखत चूक दाखवून दिली या माणसाने. तिला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त त्याची कीव आली.

मावशीने पळी कढईत बुडवली. चाखलं. पळी जागेवर ठेवली, कमरेवर हात ठेवले, आणि वर बघितलं, कारण वाउटरचं तोंड वर होतं.

“अरे घोड्या,” ती म्हणाली.

ख्वानचा हात तोंडावर गेला.

“एवढं कळतं तुला, आणि बत्ता धरता येत नाही? चार दिवस बघतेय मी. मनगट घरी ठेवून आलायस का? मिरच्या कुटायच्या असतात मेल्या, त्यांची विचारपूस करायची नसते. सोमवारी गवती चहाची वरची पात काढलीच नाहीस, रात्रभर दातांतून दोरे काढत बसले. मंगळवारी दूध एवढं आटवलंस की करी खायची की भिंतीला लावायची ते कळेना. आणि काल लसूण जाळलास. मुद्दाम जाळलास. मला काय आंधळी समजलास? माझ्या परसात येऊन मुद्दाम लसूण जाळतो, तुझ्या बापाचा मळा आहे का? देवाने ताडासारखी उंची दिलीय, तर म्हातारीच्या माळ्यावरची जळमटं तरी काढावीत एखाद्याने. ते नाही. उभा राहतो आणि छपराला डोकं आपटतो, छप्पर माझं हलतं.”

कॅनडाची आजी ख्वानजवळ सरकली. “बाळा, त्याला हाकलताहेत का?” तिने कुजबुजत विचारलं.

ख्वानच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. “नाही हो,” ती म्हणाली. “घरात घेताहेत.”

“झालं बाई एकदाचं,” कुंपणापलीकडून मालय काकू म्हणाल्या.

“तू गप गं मालय,” मावशी त्यांच्यावर वळली. “खारट लागलं तर बोलायला काय झालं होतं? शेंगा सोलत बसली. आणि ही,” म्हणत तिने बोट लेकीकडे केलं, “हिने वाटी चाटूनपुसून संपवली. आईला खोटं सांगते. आईच्या तोंडावर.” मग ती पुन्हा वाउटरकडे फिरली, आणि तिचा आवाज थोडा उतरला. “आणि तू रे? माझं मीठ दिसतं तुला. हिचा भात नाही दिसत? तू आल्यापासून ही तुझ्याबरोबर भटकते आणि तांदूळ रात्रीऐवजी पहाटे भिजत घालते. रोज भात मधोमध कच्चा. आणि तू रोज गुपचूप गिळतोस. असं नाही चालायचं. हिला तिकडे घेऊन जाशील. मी काय तिकडे असणार आहे? मग हिला बोलणार कोण?”

एवढं बोलून तिने पदराला हात पुसावेत तसे अ‍ॅप्रनला पुसले, उगाचच, बराच वेळ.

“काय म्हणाली?” वाउटरने विचारलं. त्याचे कान आता जांभळे दिसत होते.

ख्वानला धड बोलता येईना. अख्खं सांगायला वर्ष लागलं असतं. तिने फक्त भाताचं विचारलं. “म्हणते, माझा भात कच्चा असतो का?”

वाउटरने ख्वानकडे बघितलं, मावशीकडे बघितलं, भाताच्या टोपलीकडे बघितलं. बिचाऱ्याला घाम फुटला.

“थोडा,” तो शेवटी म्हणाला. “सोमवारपासून.”

“काय म्हणतोय?” मावशीने विचारलं.

या वेळी ख्वानने खरं ते सांगितलं.

“हं,” मावशी म्हणाली, आणि खल ओढून त्याच्या पायांशी ठेवला. “बस खाली. बत्ता धर. आणि तुझं ते चौथं प्रमाणपत्र विसर, नाही मिळायचं.”