तारीखकाकांचं नाक

तारीखकाकांच्या घरात ताजं तेल कधी कुणी खाल्लंच नाही. गरिबी नव्हती, कंजुषीही नव्हती. नियम होता: आधी आलेलं आधी संपवायचं.

काका एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये कोठीवाले होते. तीस वर्षं कोठी सांभाळली आणि निवृत्त झाल्यावर ती घरीच घेऊन आले म्हणा ना! मागच्या खोलीत चार फळ्या, फळ्यांवर तेलातुपाचे डबे, प्रत्येक डब्यावर पांढरी चिकटपट्टी आणि पट्टीवर आणल्याची तारीख. नवा डबा मागे, जुना पुढे. साठा असा दांडगा, की एखाद्या डब्याची पाळी येईपर्यंत त्याची मुदत संपायला टेकलेली असायची.

"दुकानातून आणलेलं तेल त्याच दिवशी कढईत पडलेलं एकदा बघायचंय मला," काकू म्हणायच्या. "मग डोळे मिटले तरी चालतील."

"आधी पुढचे सहा डबे संपव," काका म्हणायचे, "मग मीट."

लोक हसायचे, पण अडलं की बरणी घेऊन काकांकडेच यायचे. काका झाकण उघडत, डोळे मिटत, एकदाच हुंगत आणि निकाल देत. "जवसाचं तेल आणि दोन महिने ओट्यावर? टाकून दे." "हे तिळाचं, अजून तग धरेल. पण गॅसपासून लांब ठेव. उजेड, ऊब आणि हवा, तेलाचे तीन वैरी." या नाकावर त्यांनी कधी माशी बसू दिली नव्हती.

आणि गेल्या वर्षी काय झालं, तर काकांना ताप आला. चार दिवसांनी गेला, पण जाताना वास घेऊन गेला. साबण, फुलं, रॉकेल, सगळं सारखंच. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. आला नाही. काकांनी हे कुणालाही सांगितलं नाही, बायकोलासुद्धा. ज्याचं नाक गेलं त्या कोठीवाल्याला विचारतो कोण?

मग त्यांनी युक्ती काढली. पूर्वीसारखंच झाकण उघडायचं, डोळे मिटून हुंगायचं आणि मग शिकवल्यासारखं बरणी काकूंपुढे धरायची. "बघ गं, कळतंय का तुला काही?" काकूंनी नाक मुरडलं की काका गरजत, "खवट!" नाही मुरडलं की, "उत्तम!" वर्षभर एकही निकाल चुकला नाही. काका स्वतःवर बेहद्द खूश होते.

अशात लेकीने बेकरी काढली. काकांनी व्याह्यांकडच्या सगळ्यांसमोर छाती फुगवून सांगून टाकलं, "पहिल्या दिवसाचं तेल माझ्या कोठीतलं!" सहा डबे त्यांनी वेगळे काढले. अडचण एवढीच, की उन्हाळ्यात मागच्या खिडकीचं दार निखळलं होतं आणि महिनाभर ऊन थेट त्या फळीवर येत होतं. डबे बंद असले तरी ऊब लागलेलीच. कुठला टिकला आणि कुठला खवटला, हे उघडून हुंगल्याशिवाय कळणार नव्हतं.

आणि उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सकाळी काकूंना सर्दी झाली.

"आजच?" काका ओरडले.

"मुहूर्त बघून करायला हवी होती का?" काकूंनी नाक पुसलं.

काकांनी लगोलग पाणी उकळलं, स्वतःच्या हाताने वाफ दिली, पाठीमागे उशी लावली. दुपारपर्यंत तीनदा विचारलं, "मोकळं झालं का?"

"चाळीस वर्षांत माझ्या नाकाचे एवढे लाड कधी झाले नव्हते," काकू म्हणाल्या.

शेवटी काकांनी एकेक डबा उघडून त्यांच्यापुढे धरला. पहिला, काही नाही. दुसरा, काही नाही. सहाही डब्यांना काकूंचा चेहरा जागचा हलला नाही. काकांना वाटलं, सुटलो!

"कशाला धरताय?" काकू म्हणाल्या. "भिंत हुंगल्यासारखं वाटतंय."

काकांनी सहाही डबे परत बंद केले. तेवढ्यात लेक डबे न्यायला आली.

"तूही एकदा हुंगून बघ," काका शक्य तितक्या सहज म्हणाले.

"सकाळपासून व्हॅनिलात बुडालेय बाबा, मला आता गटारालाही व्हॅनिलाचा वास येईल." लेकीने पहिला डबा उचलला. "आणि तुम्ही हुंगलंय ना? मग मी कशाला बघू? सगळ्यांना सांगून ठेवलंय मी, तेल बाबांनी पास केलेलं आहे."

ती डबा घेऊन दारापर्यंत गेली. उद्या पहिलं गिऱ्हाईक येणार, केकचा घास घेणार आणि तोंड वाकडं करणार. ते वाकडं तोंड काकांना स्पष्ट दिसलं. नाक गेल्याचं कळलं तर आपली अब्रू जाणार, आणि गप्प बसलो तर पोरीची.

"ठेव तो खाली," काका म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच अनोळखी वाटला. "मी काही पास केलेलं नाही. मला वास येत नाही गं. वर्ष झालं."

लेकीने दचकून डबा खाली ठेवला. काकू मात्र शांतपणे रुमालाची घडी घालत होत्या.

"सांगितलंत बाई एकदाचं!" त्या म्हणाल्या. "मागच्या वर्षी दूध करपलं, शेजारीण धावत आली, आणि तुम्ही ओट्याला टेकून पेपर वाचत होता. तेव्हाच कळलं मला. त्या दिवसापासून प्रत्येक बरणीला तुम्हाला दिसेल असं ठसठशीत तोंड वाकडं करतेय. गाल दुखले माझे!"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही लपवत होतात. म्हटलं, लपवू देत."

काकांना लाज वाटत होती, आणि छातीवरून पोतं उतरल्यासारखं हलकंही वाटत होतं. त्यांनी चपला घातल्या, बाजारात गेले आणि त्याच दिवशी दुकानात उतरलेले चार डबे घेऊन आले. तीन लेकीला दिले. केक झकास झाले, लोकांनी पुन्हा मागून खाल्ले.

चौथा डबा काकूंसाठी होता. आठवड्याने त्यांची सर्दी गेली, तेव्हा काकांनी नियम मोडून तो सगळ्यांच्या आधी उघडला. चिकटपट्टी लावली नाही. थोडं तेल कढईत ओतून काकूंना पुढे बोलावलं.

काकू वाकल्या. त्यांनी डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. वर्षभर काका या चेहऱ्यावरच तर जगले होते. मुरडलेलं नाक त्यांना पाठ होतं, न मुरडलेलंही. हे तिसरंच काहीतरी होतं. चाळीस वर्षांत आपण हिला हे एकदाही दिलं नाही, हे त्यांना तेव्हा कळलं, आणि फार वाईट वाटलं.

"कसा गं येतो वास?" त्यांनी हळूच विचारलं.

काकूंनी एक डोळा उघडला.

"आधी ते सहा डबे घराबाहेर काढा," त्या म्हणाल्या, "मग सांगते."

काका उठले, मागच्या खोलीत गेले आणि सर्वात पुढचा डबा उचलून दाराकडे निघाले.