माक्सुनवहिनींची चपटी वेल

माक्सुनवहिनींची भोपळ्याची वेल दर उन्हाळ्यात कोंबड्यांच्या खुराड्यावर चढून पलीकडे माझ्या भिंतीवर उतरायची. त्या वर्षी ती कंबरेइतकीही वर गेली नाही. जुलैत, म्हणजे आमच्या कोरियातल्या ऐन उन्हाळ्यात, तिचे शेंडे चपटे होऊ लागले. दांडी पट्ट्यासारखी रुंद आणि पिळवटलेली. एकेका पेरावर पानांचे गुच्छ आले, तेही अरुंद, सुरकुतलेले. फूल एकही नाही. खालची जुनी पानं मात्र पंज्याहून मोठी आणि हिरवीगार होती.

गावातली म्हातारी मंडळी दुपारी चावडीत पंख्याखाली जमतात, तिथे याचीच चर्चा. कुणी म्हणालं, हे शुभ आहे, घरात काहीतरी चांगलं घडणार. कुणी म्हणालं, कोंबडीखत जास्त झालं. वहिनींनी हे दुसरं मनाला लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाई वेलीच्या बुंध्याशी उकिडव्या बसून हातांनी खत उकरून काढत होत्या. मग रोज बादल्या भरभरून पाणी. खत कधी, किती घातलं, हे त्या मला पुन्हा पुन्हा सांगायच्या, जसं काही मी हिशेब मागितला होता.

प्यो दोकसू हे सगळं ऐकत होते. ते आमच्या समोर राहतात, वहिनींच्या नवऱ्याला थोरला भाऊ मानायचे. तीन वर्षांपूर्वी त्यांची बायको बुन्ने, वहिनींची जिवाभावाची मैत्रीण, गेली. डोंगराच्या उतारावर तिची कबर आहे. तिच्यावरच्या हिरवळीत तिपानी, ते तीन पानांचं तण, माजली होती, म्हणून जूनमध्ये त्यांनी तणनाशक मारलं. गवताला काही होत नाही, फक्त रुंद पानांचं तण मरतं, असं ते औषध. खाली उतरताना वहिनी भेटल्या, वेलीवर माव्याची कीड पडलीय म्हणाल्या. दोकसूंनी पाठीवरचा तोच पंप दोनदा विसळला, त्यात माव्याचं औषध भरलं आणि वेलीवर फवारलं. वहिनींनी त्यांना कलिंगड कापून दिलं.

पहिला चपटा शेंडा पाहिला तेव्हाच त्यांना कळलं होतं. पण आज सांगू, उद्या सांगू करत दहा दिवस गेले.

अकराव्या दिवशी सकाळी वहिनींनी जुनी पानं खुडली, ओल्या कागदात गुंडाळली आणि खोक्यात भरली. वाफवलेल्या पानात भात आणि सोयाबीनची चटणी गुंडाळून खायला त्यांच्या मुलीला, ग्योंगरानला, फार आवडतं. ती सोलला असते. दोकसू बाजाराला निघालेच होते, म्हणून वहिनींनी खोकं त्यांच्या ट्रकमध्ये ठेवलं आणि पोस्टात द्यायला सांगितलं.

तासाभराने ते परत आले. खोकं हातातच. मी ओसरीवर लसूण निवडत होते. ते वहिनींच्या पायरीशी उभे राहिले, बसले नाहीत.

"पोस्टातल्या मुलीने विचारलं, आत काय आहे," ते म्हणाले. "मला बोलताच येईना. वहिनी, ही पानं कुणी खायची नाहीत. तुमच्या खताचा काही दोष नाही. माझ्या पंपात तणनाशक राहिलं होतं."

वहिनींनी खोकं त्यांच्या हातातून घेतलं. मग दोकसूंनी घाबरत विचारलं, "तुम्ही खाल्लीत का?"

"पहिली पानं ग्योंगरानची असतात. तिच्या आधी मी कशी खाईन?"

"मी नवीन वेल लावून देतो. पंपसुद्धा—"

"वेलीचं मला काही नाही, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "दहा दिवस मी स्वतःच्या हातांना दोष देत होते. तुम्ही समोर बसून चहा पीत होतात."

दोकसूंनी टोपी काढली. 

त्या दुपारी दोघांनी मिळून वेल उपटली. बुंध्याखालची मातीसुद्धा दोकसूंनी पोत्यांत भरून नेली. ग्योंगरानला फोनही त्यांनीच केला. वहिनींनी ते त्यांच्यावरच सोपवलं होतं. फोनवर ती काय म्हणाली ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही, पण बराच वेळ ते "हो, हो" एवढंच म्हणत होते.

पुढचा दीड महिना वहिनी त्यांच्याशी कामापुरतंच बोलल्या. सुगीच्या सणाआधी सगळे कबरींवरचं गवत कापायला डोंगरावर गेलो, तेव्हा बुन्नेच्या कबरीच्या एका बाजूला गवतही करपून पिवळं पडलेलं दिसलं. दोकसू तिथे पाठ करून विळा चालवत होते.

वहिनी जवळ गेल्या, वाकून त्यांनी तिथली माती चिमटीत घेतली.

"औषध फारच ओतलंत," त्या म्हणाल्या. "तिला थोडी तिपानी चालली असती."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मला माहीत आहे," वहिनी म्हणाल्या, आणि दुसरा विळा घेऊन पलीकडच्या बाजूने कापायला लागल्या.