जावई मक्यात शिरला

लेकीच्या लग्नाच्या धांदलीत खुर्शीदबीचा उन्हाळी मका चांगला महिनाभर उशिरा पेरला गेला. बाळापूरच्या रस्त्याला तिचं दोन एकर वावर, तिच्या नावचं, तिच्या मर्जीचं. नवरा कुर्बान म्हणाला, "आता कनसं भरत नाई. तुरा येईन तवा अशी आग पडन का सारी भुकटी करपून जाईन. चारा म्हनून काप. कनसं पोचट निंगाली, तर पुढल्या सालापासून तिथं माही कपाशी."

"अन् भरली तर?"

"तर त्या वावराचं नाव नाई घेत मी."

झालं! बाई पेटलीच. कमी दिवसांचं बी आणलं, पाण्याची एक पाळी चुकू दिली नाही. आणि एप्रिलात तुरे आले, तर मेला वाराच पडला. पान हलेना. मग तुऱ्यांतली भुकटी खाली कणसांच्या केसांवर पडणार कशी? दहा वाजले की ऊन ती जाळणार. तुरे हातानं हलवायला सकाळचे दोन-तीन तास, आणि घरात माणसं चार. त्यातला एक नवाकोरा जावई.

मोहसीन अमरावतीचा, लग्नानंतर पहिल्यांदाच सासुरवाडीला आलेला. अंगात पांढराशुभ्र कुर्ता, वर अत्तर. जावयाला आपल्याकडे पाण्याचा गिलास उचलू देत नाहीत, आणि ही बाई सकाळी सातला त्याच्यापुढं उभी. "बेटा, नाश्ता मंग. पयले मका हालवाचा हाय."

कुर्बान ओरडला, "अवं, लोकं काय म्हनतीन?"

"लोकाईले काय करता? मका त्याईचा हाय का?"

मोहसीन शिरला की हो मक्यात! पहिला तुरा हलवला आणि असा शिंकला की शेजारची तीन धाटं थरथरली. "अम्मी, हे तं शिंकूनबी होते!" लेक नाजिया हसून हसून सरीतच बसली. जावई राबतोय आणि आपण खाटेवर, हे कुर्बानला सहन होईना. तोही पुटपुटत शिरला. पाच सकाळी चौघं पिवळीधम्मक होऊन बाहेर आली. मोहसीननं तर आपणहून मुक्काम वाढवला.

मे सरता सरता कुर्बाननं एक कणीस सोललं. शेंड्यापर्यंत दाणा! दुसरं सोललं, धुऱ्यावरचं, अगदी कडेचं, तिसरं सोललं. सगळी टच्च भरलेली. खुर्शीदबीला इतका आनंद झाला की साठीची बाई वावरात गिरकी घेऊन नाचली.

"वावर तुहं," कुर्बान म्हणाला. "पन अर्धे तुरे म्या हालवले, हे ध्यानात ठेव."

"हाव तं," ती म्हणाली. "म्हनून सांगते, पुढल्या साली जरा लवकर उठजा."