वाकडं तास

लाल साडी.

तापाच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट.

डेलिरारे.

तोडलेल्या बाभळीचा बुंधा.

(आता जोडू.)

बोरी गावच्या भुजंगआबांचं पेरणीच्या तिफणीचं पहिलं तास, म्हणजे रानातली पहिली रेघ, चाळीस वर्षं दोरी लावल्यासारखं सरळ. बाकीची तासं त्याच्याच कडेनं जातात. यंदा पेरणीआधी आबांना ताप आला, उतरला. मग ज्वारी उगवली आणि गावाला दिसलं: पहिलं तास वाकलंय, त्याच्यामागं अख्खं रान.

"मामांच्या डोक्यात ताप गेलाय," सून बबिता नवऱ्याला, गोपाळला म्हणाली. "तिफण इकून टाका. पुढल्या साली ट्रॅक्टर सांगू."

गोपाळनं होकारार्थी मान हलवली. आबा भांडले नाहीत. तिफणीजवळ बसून राहिले.

नात भक्ती परभणीला नर्सिंग शिकते. रविवारी आली, रान बघून हसली.

"आबा, आमच्या सरांनी एक लॅटिन शब्द सांगितला. डेलिरारे."

"कुण्या गावचा?"

"लय लांबचा. मूळ अर्थ, नांगरताना तासाबाहेर जाणं. मग त्याचाच अर्थ झाला, येडं होणं."

"बघा! सर बी तेच म्हणायलेत," बबिता म्हणाली.

"थांब गं मम्मी. आबा, तास सरळ कसं धरता?"

"पल्याडच्या बांधावरली खूण बघायची. नजर हलवायची न्हाई. बाभूळ होती, ती तुह्या बापानं तोडली."

"मग यंदा?"

आबा घुटमळले. "लाल दिसलं. वाटलं, गोपाळनं काठीला फडकं बांधलंय. टोकाला गेलो तर काठी न्हाई, फडकं न्हाई. म्हणून तर गप बसलो. खरंच डोकं फिरलं का काय!"

भक्तीनं आईकडं पाहिलं. "त्या दिवशी भाकरी घेऊन कोण गेलतं?"

बबितानं अंगावरची लाल साडी चाचपली.

"मावशीचा फोन आला. एका जागी रेंज कुठं ऱ्हाती? पल्याडच्या बांधावरनं चालत चालत बोलावं लागलं."

गोपाळ पोट धरून हसला. "म्हंजे आबा तासातच होते. खूणच हिंडायला गेली!"

"तिफण?" आबांनी हळूच विचारलं.

"ऱ्हाऊ द्या," बबिता म्हणाली. "पण मामा, पुढल्या साली खुंटी रोवा. मी काय खुंटी हाय?"

"न्हाई बाई. खुंटी गप ऱ्हाती."

सगळ्यात मोठ्यानं बबिताच हसली.

तिचा तो फोन एकोणचाळीस मिनिटं चालला होता.